क्लच नसलेली गाडी
सेनगाव, मंगळवार, डिसेंबर २००४

गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला तो गेलाच. वारंगा फाट्यावरच्या रशीद मिस्त्रींनी आज खोलून दाखवला. आतल्या चकत्या जळून काळ्या पडल्यात. म्हणाले, "सर, साधा गिअरबॉक्स टाकून देतो. परवा गाडी न्या."

साधा म्हणजे क्लच आला, अन् तो डाव्या पायानं दाबायचा. अपघातात माझा डावा पाय गेला, हे विसरले की काय? मी नकली पायावर हात ठेवला तसे ते ओशाळले. "मग लहान गाडीचा जुना ऑटोमॅटिक हैदराबादहून येईल. पण तुमच्या इंजनाची ताकद त्याला झेपायची न्हाई. मोडंल." बराबर बसणारा कुठं मिळतो, ते त्यांनाही ठाऊक नाही.

एवढ्या ताकदीची गाडी काहून घेतली मी? पाय गेला तरी कुणी मागं टाकू नये म्हणून?

घरी सुमनला सांगितलं. बायको माझी, शांतपणे म्हणाली, "साधाच टाका. मी शिकते चालवायला."

"आन् मी बाजूला बसू?" असा ओरडलो, की ती उठून आत गेली. पाय कापला तेव्हाही मी ओरडलो नव्हतो.

आत्ताच मिस्त्रींना फोन केला. लहानच मागवा म्हटलं.

"सर, मोडंल तो."

"मोडू द्या."

सुमन दारात उभी राहून ऐकत होती.