मेणाचा मंगळ

तीर्थरूप आईस,
वाकून नमस्कार. आशीर्वाद बसूनच दे, गुडघा दुखतोय ना तुझा.

मी ठणठणीत आहे. खोलीत ऊन येतं. संग्रहालयातली नोकरी अजून कच्ची आहे, पण टिकेल असं वाटतंय.

ज्वालामुखीच्या डोंगरांची रांग कशी होते ते मुलांना दाखवायला मी एक ट्रे केलाय. त्यात मेण, मेणावर वाळू, आणि ट्रेखाली दिवा. दिवा जागचा हलत नाही, मोटर ट्रेला हळूहळू पुढे सरकवते. मेण वितळून वाळू फोडून वर येतं आणि टेकड्यांची रांग होते. परवा पाहुण्यांसमोर मी दिवा लावला आणि मोटर चालू करायलाच विसरले. एकाच जागी मेण उसळत राहिलं, टेकडी फुगतच गेली. म्हटलं, गेली नोकरी.

आमचे सर वाकून बघत म्हणाले, "हा तर मंगळ झाला. तिथली जमीन सरकत नाही, म्हणून ज्वालामुखी एकाच जागी साठत आपल्या सर्वांत उंच शिखराच्या दुपटीहून उंच झाला." आता सरकणारा आणि न सरकणारा, असे दोन ट्रे शेजारी ठेवतो.

तू लिहिलंस, पायाला भिंगरी नसती तर एव्हाना मोठी झाली असतीस. असेलही. पण आपली जमीन सरकते म्हणून इथे रांग होते, आणि रांगेतल्या प्रत्येक टेकडीत आग त्या एकाच दिव्याची असते.

बाबा अजून माझं नाव काढत नाहीत का? हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाच. ते पेपरमागे तोंड लपवतील. बराच वेळ पान उलटलं नाही, तर समज, ऐकतायत.

तुझी,
भिंगरी