बाळांच्या वॉर्डाबाहेरचं बेसिन

मंगळवार, ५ ऑगस्ट

सुनेला, सहनाला, सातव्या महिन्यातच मुलगी झाली. माझी पहिली नात. अकराशे ग्रॅम. मुलानं, शशांकनं, काचेतून दाखवली – "अप्पा, ती बघा." आधी नुसत्या नळ्याच दिसल्या. मग हात दिसला. तळवा कोटाच्या बटणाएवढा, आणि त्याला पाचही बोटं, पाचही नखं. चाळीस वर्षं कपडे शिवतोय, इतकं बारीक काम कधी पाहिलं नव्हतं.

गुरुवार, ७

आतल्या दोन बाळांना ताप. लावण्या सिस्टर बाहेरच्या हॉलमध्ये येऊन सांगून गेल्या, "जंतू हातावरून आत जातात. कोपरापर्यंत साबण लावा." लोक माना डोलावतात, नळाखाली बोटं ओली करतात, कपड्याला पुसतात. मीही तेच करत होतो. इथे खोटं कशाला लिहू?

कृष्णराजनगरचा वेंकटेश, भाताची शेती करतो. त्याचा मुलगा आमच्या बाळाच्या शेजारीच आहे. त्याला म्हटलं, साबण लाव. तो कन्नडमधून भडकला. "यजमानरे, मालक, शेतात राबतो म्हणून माझेच हात घाण काय?"

उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसला.

शनिवार, ९

आजचं लिहायलाच हवं.

दुकानातून थेट गेलो. सकाळपासून कटिंग चाललं होतं, हाताला मार्किंगचा निळा खडू. लक्षातच आलं नाही. बाकावर बसलो, जगमधून पाणी प्यालो, सहनाच्या हातात डबा दिला. अर्ध्या तासानं बघतो तर बाकावर निळं. जगच्या कडीवर निळं. सहनाच्या बोटांना निळं. वेंकटेशच्या बायकोच्या गालावर निळं – मी तिच्या जवळही गेलो नव्हतो, ती फक्त त्या जगमधून पाणी प्याली होती. आणि वॉर्डाच्या दाराची मूठ. तिला तर मी हातही लावला नव्हता.

हा खडू होता म्हणून दिसला. ताप कसा दिसणार?

वेंकटेशला बोलावलं. बोटानं दाखवत गेलो. बाक, जग, गाल, मूठ. त्यानं आपला तळवा उलटून पाहिला. तिथेही होतं. "अय्यो देवरे," हळूच म्हणाला. दोघं बेसिनपाशी गेलो. एकदा धुतलं, तरी नखांत आणि बोटांच्या बेचक्यांत निळं तसंच. तीनदा हात धुवावे लागले.

सोमवार, ११

सिस्टरना विचारून आता रोज चारला, भेटीच्या वेळी, आम्ही दोघं बेसिनपाशी उभे राहतो. नवीन माणसाच्या तळव्यावर खडू चोळायचा आणि म्हणायचं, आता धुवा. बोटं बघून भले भले पुन्हा साबण घेतात. माझं कन्नड घरगुती, वेंकटेशचा आवाज मोठा. आज एका सूटवाल्यालाही त्यानं परत पाठवलं – "सर, नखं राहिली."

बुधवार, १३

ताप आलेली दोन्ही बाळं आज दूध प्याली.

शुक्रवार, २२

नवा ताप एकालाही नाही. सिस्टर म्हणाल्या, आम्हीही आत बरंच बदललंय, पण तुमच्या खडूचाही वाटा आहे. मग मला आत नेलं.

एक बोट नातीच्या तळव्यावर ठेवलं. तिनं धरलं. एवढ्याशा मुठीत जोर होता! "साकु अप्पा, पुरे आता, दहा मिनिटं झाली," सिस्टर म्हणाल्या. मला वाटलं, आत्ताच तर आलो.

सोमवार, २५

वेंकटेशचा मुलगा सकाळी गेला. ताप नव्हता, हृदयच जन्मापासून कमजोर होतं. चारला वेंकटेश मुलाला घरी न्यायचे कागद घेऊन खाली निघाला होता. बेसिनपाशी एक नवा बाप बोटं ओली करून आत पळत होता. वेंकटेशनं कागद खिशात घातले, त्याला थांबवलं, त्याचे हात आपल्या हातांत घेऊन साबण लावला. "मुलगा की मुलगी?" त्यानं विचारलं, आणि शेवटचं बोट धुऊन होईपर्यंत ते हात सोडले नाहीत.