मिटल्या डोळ्यांचं मतदान

प्रिय बाबू,

तुझं पत्र मिळालं. तीनदा वाचलं, चष्मा पुसून पुसून. मंडळीच्या शेवटच्या बैठकीला येतोयस, माझ्याकडेच उतरणार आहेस, आणि येतोयस तो पाळकसाहेबांनी बोलावलं म्हणून नाही, माझ्यासाठी, असं लिहिलंयस. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी जेवणच जात नाहीये.

बैठकांचं आधी सांगतो. आपल्या बॅप्टिस्ट चर्चच्या मंडळीवर कुणी बिशप नाही, सगळं सभासदांनी ठरवायचं, त्यामुळे भांडणंही आपली आपणच करायची. पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं पाप की नाही, यावरून अर्धी मंडळी अर्ध्या मंडळीशी बोलेनाशी झाली होती. नव्या पाळकसाहेबांनी हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडल्या आणि एकच नियम घातला. समोरच्याने जे सांगितलं ते आधी आपल्या तोंडाने म्हणायचं, त्याने ‘बरोबर’ असं म्हटलं की मगच आपलं बोलायचं. मला वाटलं, हा काय पोरखेळ! चाळीस वर्षं नळ दुरुस्त केले, गळती कधी गप्पांनी थांबलेली पाहिली नाही. पहिले दोन शनिवार नुसती बायबलमधल्या वचनांची फेकाफेक झाली. बेकरीवाला तर तावातावाने उठून गेला, आणि पुढच्या शनिवारी गुपचूप येऊन बसला.

त्या हॉलमध्ये बसलं की तुझा बाप्तिस्मा आठवतो. हौदाचा हीटर ऐन वेळी बंद पडला आणि तू दात वाजवत गार पाण्यात उतरलास. बाहेर आल्यावर आईने तुला टॉवेलात गुंडाळलं आणि सगळ्यांदेखत मला झापलं, एवढा मोठा नळवाला आणि लेकराला गार पाणी! तुझ्या बाबतीत तिने कधी कुणाची भीडभाड ठेवली नाही.

नऊ वर्षांपूर्वी तू मंडळीला सरळ कळवलंस की तू तुझ्या जोडीदाराबरोबर राहतोस, आणि तुझं नाव सभासदांच्या यादीतून काढायला मतदान झालं. आपली पद्धत तुला ठाऊक आहे. सगळ्यांनी माना खाली घालून डोळे मिटायचे, नाव काढा म्हणणाऱ्यांनी हात वर करायचा, आणि बघणार फक्त हात मोजणारे दोन डीकन, मंडळीने निवडलेले सेवक. नाव गेलं. तू फोनवर विचारलंस, मी म्हटलं माझा हात खाली होता. मग तू आईचं विचारलंस आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा तू अर्थ काढलास. मी काढू दिला.

तू तिच्याशी बोलणं टाकलंस. रविवारी तुझा फोन यायचा तो माझ्यासाठी. ती शेजारी उभी राहून ऐकायची, फोन ठेवला की विचारायची, खोकला गेला का त्याचा? खरं काय ते मी तिला सांगितलं होतं. दोन दिवस ती मला ताट वाढायची पण बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, त्याला सांगू नका, बापही गेला तर पोराला घर उरणार नाही. मी लगेच मान डोलावली. ती गेली तेव्हा तिच्या मातीलाही तू आला नाहीस, लोक तुला नाही नाही ते बोलले, आणि मी त्यांच्यातच बसून होतो.

परवाच्या शनिवारी माझ्यासमोर शिवणकामवाल्या मावशी आल्या, लहानपणी तुझे शर्ट शिवायच्या त्या. त्यांनी सांगितलं की मतदानाच्या वेळी तुझ्या आईचे दोन्ही हात त्यांनी तिला धीर द्यायला आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. नियमाप्रमाणे ते मला म्हणायचं होतं. मी म्हटलं, माझी बायको रडत होती. मावशींनी मान हलवली, एवढंच नाही. मी पुन्हा काहीतरी गुळमुळीत बोललो, पुन्हा नाही. तिसऱ्या खेपेला म्हटलं, माझ्या बायकोने हात वर केला नव्हता. हो, असंच, त्या म्हणाल्या. मग माझी बोलायची पाळी आली आणि मी पुढचंही सांगून टाकलं.

सगळ्या हॉलला कळलं आणि तुला नाही, म्हणून तू निघायच्या आत हे पत्र. बाबू, हात मी वर केला होता. देवाला भिऊन केला असं इतकी वर्षं मनाला समजावलं, पण भ्यालो होतो लोकांना. आता यायचं की नाही ते तू ठरव, माझ्याकडे नाही उतरलास तरी बोल लावणार नाही. पण आईच्या कबरीवर एकदा जा रे. तिने तुला कधीच टाकलं नव्हतं. टाकलं मी, आणि तिच्या नावावर खपवलं.

तुझाच, तू म्हणू देशील तोवर,
पप्पा