भालेकरांचा तपास आणि कान तुटलेला कप

कुरुंदा, तालुका वसमत
सोमवार, फेब्रुवारी १९७६

चि. जळबा यास,

जनकाअक्काचा जयभीम आणि डोक्यावरून हात. (खरं तर आता तुला श्रीयुत जळबाराव लिहायला पाहिजे. ज्याच्या घरमालकाकडं टेलिव्हिजन आहे त्याला नुसतं जळबा म्हणणं शोभत नाही. पण तुझं शेंबडं नाक मी पुसलेलं आहे, तेव्हा या पत्रापुरता तरी तू जळबाच.) पंचफुलाच्या गुडघ्याला आराम पडला का? एरंडाची पानं गरम करून बांधायला सांग, आणि डॉक्टरनं दिलेल्या गोळ्याही घेऊ दे, दोन्हींचं आपसात भांडण नसतं. लेकरं शाळेत जातात ना? माझी तब्येत बरी आहे. हात तेवढे कोपरापर्यंत पिवळे आहेत, कारण हळद शिजवायचे दिवस चालू आहेत. पत्रावर पिवळी बोटं उमटली तर पंचफुलाला वाटायचं अक्कानं लग्नाची पत्रिका पाठवली. तसं काही नाही, म्हणावं.

तुझं पत्र मिळालं. घरमालकाच्या टेलिव्हिजनवर गुप्तहेराच्या नाटकाचा नवा भाग लागला, तेव्हा एका खोलीत तीस माणसं कशी बसली, घरमालकीण बाई पडद्यातल्या खुन्याला चप्पल दाखवून कशी उठली, आणि तुझ्या धाकट्यानं घाबरून पंचफुलाचा पदर कसा चावला, ते सगळं मी चांगुणाला वाचून दाखवलं. (चांगुणा आपली शेजारीण, अजून तशीच आहे. तोंड फाटकं, मन धडकं.) ती म्हणाली, "चित्रात दिसून राहिला तर मंग डोकं कशाला चालवायचं?" मला ते पटलं. आमचा गुप्तहेर रेडिओवरचा, त्याला चेहरा नाही, म्हणून ज्यानं त्यानं आपापला बसवला आहे. चांगुणाचा भालेकर उंच आणि मिशाळ आहे. माझा थोडा तुझ्या दाजींसारखा दिसतो, फक्त त्याचे अंदाज बरोबर निघतात.

पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस त्याकडं येते. अक्का, तिथं एकटी काहून राहून राहिली, पुढच्या महिन्यात घ्यायला येतो, रेडिओ कोणाला तरी देऊन टाक, इथं पुण्यात चित्रासकट गुप्तहेर बघ. जळबा, तुझं म्हणणं वाईट नाही. मी ट्रंक बांधलीसुद्धा होती, खोटं सांगत नाही. दोन लुगडी, बाबासाहेबांचा फोटो, दाजींचा कोट. पण काल रविवारी दुपारी जे झालं त्यानंतर ट्रंक उघडी टाकून हे लिहायला बसले आहे. उत्तर शेवटी देते. आधी ऐक, नाहीतर माझ्या पोटात दुखेल.

दाजींचा रेडिओ तुला माहीत आहे, नांदेडहून आणलेला, कातड्याच्या पिशवीतला. वट्ट्यावर खांबाला टेकून ते बसायचे, त्या जागेवर मी आता रेडिओ ठेवते. म्हणजे जागा रिकामी राहत नाही आणि दुसरं कोणी बसतही नाही. ते गेल्याला तिसरं वर्ष लागलं, पण रविवारी 'भालेकरांचा तपास' हे नाटक सुरू झालं की मी अजून मनात विचारते, सांगा, कोण? उत्तर ठरलेलं. डॉक्टर. कोणतंही नाटक असो, त्यांचा संशय डॉक्टरवर. "बिनकामाचं एवढं गोड कोणी बोलत न्हाई," म्हणायचे. एकदासुद्धा बरोबर निघाले नाहीत. शेवटच्या दुखण्यात, इस्पितळात, डॉक्टर नाडी बघून गेले तसे हे माझ्या कानाशी लागून म्हणाले, "जनका, माझा संशय ह्याच्यावर हाये." (तो डॉक्टर बिचारा फार चांगला होता, यांचं पांघरूण स्वतः सारखं करायचा.) मी हसले, तेही हसले. त्यानंतर आम्हाला हसायला जमलं नाही. असो.

माझ्या अंदाजांबद्दल मात्र तू शंका घेऊ नको. मी वाचायला शिकले ते पुड्यांच्या कागदांवर, हे तुला ठाऊक आहे. आता वसमतच्या वाचनालयातून गुप्तहेरांची पुस्तकं आणवते. तिथल्या प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान कोणीतरी फाडून नेलं आहे, त्यामुळं खुनी माझा मलाच धरावा लागतो. आजपर्यंत माझा एकही खुनी चुकला नाही, कारण चूक म्हणायला पानच नाही.

आता माणिकराव. ज्यांच्या हळदीत मी कामाला जाते तेच. त्यांचा रेडिओ जावयानं लग्नात मागून नेला, तेव्हापासून त्या घरात भालेकरांचा आवाज नाही. पहिल्या रविवारी ते आपल्या वस्तीत आले आणि कुंपणाबाहेरून विचारलं, "जनके, उद्या किती बाया येतील?" (हे विचारायला मुकादम आहे.) मी सांगितलं. सांगून झालं, भाग सुरू झाला, संपला, तरी माणिकराव कुंपणाशीच. दुसऱ्या खेपेला बैल घेऊन आले, बैलाला आपल्या लिंबाची सावली मानवते म्हणून. तिसऱ्या खेपेला बैल नव्हता, घोंगडी होती. मग घोंगडीबरोबर घरचा पाण्याचा तांब्या. मी दर खेपेला रीतीनं विचारायची, "चहा घेता का मालक?" आणि ते दर खेपेला म्हणायचे, "आत्ताच घेऊन आलो." जळबा, या माणसानं कायम आत्ताच चहा घेतलेला असतो. त्यांच्या द्वारकाबाई दिवसभर चुलीपुढून उठत तरी कशा असतील, असं वाटायचं.

माझ्या घरात कप तीन. दोन धड आणि एक कान तुटलेला. नाक्यावरच्या हॉटेलात आपल्या लोकांसाठी वेगळ्या कोनाड्यात तसलेच ठेवायचे, आणि तू लहानपणी भर गिऱ्हाइकांत विचारलं होतंस, "अक्का, आपल्याच कपाचे कान कोणी उपटले?" त्यावर मी तुझा कान उपटला होता. माझ्या कपाचा कान मात्र मांजरानं तोडला आहे, त्यात हॉटेलवाल्याचा हात नाही.

तर कालचा भाग. रेडिओ ऐकायला नेहमीसारखी सगळी वस्ती अंगणात जमलेली. अप्पासाहेब नावाचे म्हातारे जमीनदार, त्यांना कोणीतरी थोडंथोडं विष देऊन राहिलं आहे. संशय पुतण्यावर, स्वयंपाक्यावर आणि थोडासा डॉक्टरवर. चांगुणा पुतण्याला धरून बसली. माणिकराव म्हणाले, "स्वयंपाकीच. चाकर मानसाचा भरवसा न्हाई." चांगुणा म्हणाली, "म्हना की. धन्याच्या घरात मांजर मेलं तरी चाकरानंच मारलं!" माणिकराव म्हणाले, "तुला नाही म्हनलं." ती म्हणाली, "मला कशाला म्हनसाल, मी तुमचा सयपाक करते का?" मी दोघांना गप्प केलं, कारण खरखर वाढली होती. खरखरीमुळं माणसं सरकत सरकत रेडिओपाशी आली, माणिकरावांची घोंगडीही सरकत सरकत वट्ट्याला लागली. मी चहा केला. कप हातोहात पुढं चालले होते. कान तुटलेला चांगुणाकडं जायचा होता, आणि मधे माणिकराव. त्यांची नजर रेडिओवर (ऐकायला डोळे लागत नाहीत, पण आमच्याकडं सगळे रेडिओकडं बघूनच ऐकतात), कप आला तसा त्यांनी घेतला आणि पुढं द्यायचं विसरले.

तिकडं रेडिओवर, जळबा, इतकी शांतता की बशीचा आवाज येतो. अप्पासाहेब कप उचलतात. इकडं माणिकरावांनी उचलला. अप्पासाहेब फुंकर मारतात. माणिकरावांनी फुंकर मारली. अप्पासाहेब कप ओठाला लावतात, आणि माणिकरावांनी भरघोस घोट घेतला. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि भालेकर ओरडले, "थांबा! तो चहा पिऊ नका!"

सगळं अंगण थिजलं. माणिकरावांचे गाल फुगलेले, डोळे बशीएवढे. घोट आत जाईना, बाहेर येईना. त्यांनी रेडिओकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग हातातल्या कपाकडं. तोवर अंगणातल्या एकूण एक माणसाला दिसलं होतं की चहा कोणाच्या घरचा आहे आणि तोंड कोणाचं आहे. तुला सांगते, त्यांनी तो घोट थुंकला असता ना, तर मी तिथंच रेडिओ बंद केला असता आणि ट्रंक उचलून पुण्याची गाडी धरली असती. त्यांच्या कामाला आयुष्यभर हात लावला, पण माझ्या अंगणात दाजींच्या जागेसमोर थुंकलेलं मला बघवलं नसतं.

चांगुणा ओरडली, "गिळा मालक, गिळा! इख न्हाई त्याच्यात, गूळ हाये!"

आणि त्यांनी गिळला. घोट उतरल्याचा आवाज लिंबापर्यंत गेला. मग मिशा पुसल्या, कप फिरवून कान शोधला. तो सापडला नाही तेव्हा त्यांना काय ते समजलं, कारण त्या नाक्यावरच्या हॉटेलात तेही बसलेले आहेत, आतल्या बाकावर. मग म्हणाले, "गूळ जरा जास्त झाला. पन तोंडाला लावलाच हाये तर पुरा घेतो. अर्धा टाकनं बराबर न्हाई." आणि तळापर्यंत प्याले.

आता खरी तकलीफ ऐक. आम्ही सगळे माणिकरावांचा घोट बघत असताना तिकडं भालेकरांनी विष देणाऱ्याचं नाव घेतलं, सगळा उलगडा पुढच्या रविवारी म्हणून सांगितलं, आणि वाजंत्री लागून भाग संपलासुद्धा! एकानंही नाव ऐकलं नाही. असा कल्ला झाला की कुत्री उठली. चांगुणा म्हणाली, "मालक, तुमच्या एका घोटापायी खुनी हुकला!" माणिकराव म्हणाले, "मी काय मुद्दाम पेलो का? त्यानं उचलला म्हनून मी उचलला!" मग हळूहळू ज्याला त्याला आठवायला लागलं की आपण नाव ऐकलं होतं. चांगुणानं पुतण्या ऐकलं. माणिकरावांनी स्वयंपाकी ऐकलं. हातवारे करून भांडण चाललं असताना मी कुंपणाकडं बघितलं, तर तिथं द्वारकाबाई उभ्या. नवऱ्याला बोलवायला आलेल्या, आणि सगळं बघितलेल्या. त्या घोंगडीपाशी आल्या. भरलेला तांब्या उचलला (पाण्याला कोणी हात लावला नव्हता), "घरी चला," म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या.

आज दिवसभर हळदीच्या कढईपाशी त्या माझ्याकडं बघून राहिल्या होत्या. त्या बघण्याचा तपास भालेकरांनाही लागायचा नाही. म्हणून जळबा, यायचं की नाही हे आता मी ठरवणार नाही, पुढचा रविवार ठरवील. माणसं कुंपणाबाहेर परत गेली तर मी तुझ्याकडं येते, टेलिव्हिजनपुढं बसून घरमालकिणीबरोबर चप्पल दाखवते.

पंचफुलाला आणि लेकरांना जयभीम.

तुझी अक्का,
जनका

ता. क. भालेकरांनी नाव कोणाचं घेतलं ते तू तिकडं ऐकलं असशील तर लगेच कार्ड टाक. चांगुणाला सांगणार नाही. (पुतण्या असेल तर लिहूच नको, ती वर्षभर ऐकवील.)

दुसरा ता. क. कार्ड टाकू नको. पत्र टपालात टाकायला हात धजला नाही आणि आज दुसरा रविवार उजाडून मावळलासुद्धा. दुपारी सगळे आले, माणिकराव आले नाहीत. रेडिओवर वाजंत्री लागली तरी कुंपणाशी कोणी नाही. मी मनात ट्रंकेचं कुलूप शोधायला लागले. तेवढ्यात आले. हातात तांब्या नाही, खांद्यावर घोंगडी नाही, आणि मागं द्वारकाबाई. त्या थेट माझ्या चुलीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "आठ दिस झाले, माझ्या चहात काईतरी कमी हाये म्हनून राहिले. किती गूळ टाकता, दाखवा बरं." मी दाखवला. त्या म्हणाल्या, "एवढा?" मी म्हणाले, "व्हय, एवढा." मी द्वारकाबाईंना धड कप दिला, दुसरा धड माणिकरावांपुढं केला, तर ते म्हणाले, "तो नको जनकाबाई. माझा तो तिकडचा."

आणि जळबा, खुनी निघाला डॉक्टर! पुतण्या नाही, स्वयंपाकी नाही, गोड बोलणारा डॉक्टर. मग माणिकरावांनी तुझ्या दाजींचं नाव घेतलं, "सोनाजी म्हनायचा. कढईवर लाकडं सारता सारता सुद्धा म्हनायचा, डॉक्टरच असंल." माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, खांबाकडं बघून, "व्हय, बराबर." कोणी हसलं नाही. चांगुणासुद्धा.

शेवटचा ता. क. तेव्हा घ्यायला येऊ नको, नुसता ये. लेकरांना घेऊन, रविवार धरून ये. येताना रेडिओचे मोठे सेल आण आणि डझनभर कपबशा आण, कारण आता चहाला माणसं जास्त आणि कप तीन. दुकानदार म्हणेल, पाहुण्यांसाठी नक्षीच्या घ्या आणि घरच्यांसाठी साध्या. त्याचं ऐकू नको, सगळ्या एकसारख्या घे. वाटेत एखादा कप टिचला तरी चालेल, पण पुढच्या महिन्यात भालेकरांचा नवा तपास सुरू होणार आहे, सेल विसरू नको. कान तुटलेला मात्र मी फेकणार नाही. त्याला माणिकराव दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.