आईने टाचा बघून ठरवलं

अहिल्यानगर (म्हणजे आपलं नगरच),
गुरुवार, शाळा सुटल्यावर

तीर्थस्वरूप सौ. ताईच्या चरणी धाकट्या अजिनाथचा साष्टांग नमस्कार (आठांपैकी जेवढी अंगं अजून वाकतात तेवढ्यांचा). इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहितो, खरं काय ते पुढे येईलच. तुझा गुडघा आणि दाजींचं राजकारणावरचं भाष्य, दोन्ही आटोक्यात असावं अशी आशा आहे. फोन सोडून पत्र का, म्हणशील. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि फोनवर तू मला तिथपर्यंत पोचूच देत नाहीस. कर्ता आला की रडायला लागतेस. तेव्हा चहा घेऊन बस, आणि शेवटपर्यंत वाच. या पत्रात रडण्यासारखं फारसं नाही. अभिमानाने थोडं फुगण्यासारखं आहे, ते मी आधीच फुगून घेतलं आहे.

विषय तात्यांच्या सोयीचा. त्यांची उजवी बाजू गेली त्याला चौदा महिने झाले, आणि चौदा महिने घोडेगावच्या घरात आईने एकटीने त्यांची कूस बदलली. आता तिच्याच मणक्याने हात टेकले. डॉक्टरांनी भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही असं बजावलं आहे, आणि तात्या काही झालं तरी बादलीपेक्षा जड आहेत. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, धनश्री बँकेत, मी शाळेत. बडोद्यापर्यंतचा प्रवास तात्यांना झेपणार नाही. म्हणजे नगरात एखादं नर्सिंग होम बघणं आलं, जिथे त्यांना नीट सांभाळतील. तू म्हणालीस, नातेवाइकांना विचार, आपल्यातल्या बऱ्याच जणांना अनुभव आहे. ताई, हा सल्ला तू बडोद्यात बसून दिलास, म्हणून सुटलीस.

ज्ञान मिळवायचे मार्ग, म्हणजे प्रमाणं, शास्त्राने सांगितले आहेत: प्रत्यक्ष डोळ्यांनी बघणं, खुणांवरून ताडणं आणि भरवशाच्या माणसाचा शब्द. मी तिसऱ्यापासून सुरुवात केली, कारण त्यात जिने चढावे लागत नाहीत. रीतसर तक्ता आखला, जेवण, स्वच्छता, वागणूक, डॉक्टर, प्रत्येकाला दहापैकी गुण. संस्थांची खरी नावं इथे लिहीत नाही (हे पत्र तू भिशीच्या बायकांना वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे). सावेडीकडच्या नव्या संस्थेला प्रथमा म्हणू आणि भिंगारच्या बाजूच्या जुन्या संस्थेला द्वितीया.

प्रथमेत आपली बनुमावशी खुब्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने होती. तिच्या मते तो स्वर्ग आहे. पोरी लई गुणाच्या, गादी लई मऊ, आणि चहा दोनदा. मी दहापैकी दहा लिहून टाकले. नंतर धनश्रीने मला बाजूला घेऊन सांगितलं की मावशीच्या घरी दुपारचा चहा सुनेने तीन वर्षांपूर्वी बंद केला आहे, त्यामुळे दुसरा कप देणारी कुठलीही जागा तिला स्वर्गच वाटेल. मी सात केले. मग पारनेरहून सुनील आला. त्याचे सासरे त्याच प्रथमेत अठरा दिवस होते आणि पाठीला तळहाताएवढी जखम घेऊन परत आले. सुनील म्हणाला, दादा, तुरुंग हाय तो, मासे ठेवलेला तुरुंग. (दर्शनी भागात काचेची मोठी पेटी आहे, तिच्यात मासे.) मी एकावर आलो. पण त्या सासऱ्यांनी सुनीलच्या लग्नातल्या जिलबीलाही तुरुंगातली म्हटलं होतं, हे आठवून तीन केले. तक्त्यात इतकी खाडाखोड झाली की मी आठवीच्या उत्तरपत्रिका तपासतोय असं वाटायला लागलं.

द्वितीयेचं तर त्याहून अवघड. चांगुणाकाकू तिथेच गेल्या. चौऱ्याण्णव वर्षांच्या होत्या, झोपेत गेल्या, तरी आख्ख्या भावकीत त्या जागेचं नाव काढलं की लोक आवाज खाली आणतात. त्यांचा मुलगा संदीप सांगतो, मेल्यांनी वेळेवर कळवलं नाही. त्यांची मुलगी पूजा सांगते, गेली त्याच दिवशी सकाळी आयांनी आईचे केस धुऊन वेणी घातली होती. एकच खोली, एकच मरण, सख्खी भावंडं, आणि एकाचा शून्य तर दुसरीचे दहा. सरासरी पाच. पण ताई, पाच म्हणजे काय गं? अर्धी वेणी?

त्यातून द्वितीयेचा डॉक्टर राम हा माझा विद्यार्थी निघाला. आठवीत संस्कृतच्या तासाला 'वन' शब्द चालवताना तो पंचमीपाशी थांबायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. पुढच्या दोन विभक्त्या ज्याने कधी गाठल्या नाहीत, तो तात्यांना शेवटपर्यंत सांभाळील कसा, असं अनुमान मी काढलं आणि तक्त्यात 'चिकाटी' हा नवा रकाना उघडून त्यात शून्य दिलं. (हसू नकोस. माणसाजवळ जे माप असतं, त्यानेच तो मोजतो.)

हा तक्ता घेऊन मी घोडेगावला गेलो आणि आईला वाचून दाखवला. ती तात्यांना पेज भरवत होती. सगळं ऐकलं, त्यांची हनुवटी पुसली आणि मला एवढंच विचारलं, "यातलं तू काय बघितलं?" मी म्हणालो, अजून काही नाही. "आन् ह्यांनी टाचा बघितल्या व्हत्या का कुनी?" कोणाच्या टाचा, ते मला कळेना. तिने तात्यांच्या पायावरची चादर वर केली. ताई, चौदा महिने अंथरुणावर असलेल्या माणसाच्या टाचा लोण्यासारख्या होत्या. डाग नाही, पडून पडून येणारी लाली नाही. माझ्या, रोज आठ तास फळ्यासमोर उभ्या असलेल्या टाचांमध्ये पेन्सिल मावते.

तू विसरली असशील म्हणून लिहितो. आईचे वडील घोडेगावच्या बैलबाजारात दलाल होते. मुलगा नव्हता, म्हणून हिला परकराच्या वयापासून बरोबर न्यायचे. बाजाराच्या दिवशी सकाळी बैल धुतलेले असतात, शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल. त्यात सगळेच देखणे दिसतात. आजोबा आदल्या दिवशी, जनावरं नुसती बांधलेली असताना, दावणीवरून फिरून यायचे. मालकाला बैल कसा आहे असं कधीच विचारायचे नाहीत. खूर बघायचे, आणि मालकाने पाठीवर हात ठेवला की जनावर बिचकतं का, ते बघायचे. आईने तेच केलं. भेटायची वेळ पाच ते सात होती, म्हणून ती म्हणाली की आपण दोनला जायचं. मंगळवारी शेजारणीला तात्यांजवळ बसवलं, कमरेचा पट्टा बांधला आणि माझ्याबरोबर निघाली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. (कारण 'कौटुंबिक' लिहिलं. 'खूर बघणे' लिहिलं असतं तर मुख्याध्यापकांनी मलाच कुठेतरी दाखल केलं असतं.)

प्रथमेत शिरल्यावर मी माशांपाशी थांबलो. सुंदर होते. आई तोवर सरळ आत गेली होती. मी पोचेपर्यंत तिने चार खाटांच्या पायथ्याच्या चादरी वर केल्या होत्या, आणि पाचव्या खाटेवरचे एक निवृत्त सुभेदार, बाई, हे काय चाललंय, असं म्हणून तोफेसारखे गरजत होते. आईने त्यांची टाच दोन बोटांनी दाबली आणि विचारलं, "दुखतंय न्हवं?" सुभेदारांनी दुसरा पायही पुढे केला. मग हळूच म्हणाले, डावीपण बघा. दोन्ही लाल होत्या. पाण्याचा पेला कपाटावर होता, त्यांच्या हातापासून दोन हात लांब. फरशी मात्र अशी की तीत मला माझा तक्ता दिसत होता. तोवर परिचारिका आली आणि आम्हाला नियमाप्रमाणे बाहेर काढण्यात आलं. निघताना आईने तिला, पेला तेवढा त्यांच्या हाताशी सरकव गं बाई, असं सांगितलं. तिने सरकवला, एवढं तिच्या बाजूने लिहून ठेवतो.

द्वितीयेच्या भिंतीचे पोपडे निघालेले, टीव्ही बंद, दारात मांजर. मला तिथे क्षणभरही थांबवेना. आत एक रेश्मा नावाची आया एका आजोबांची कूस बदलत होती, आणि दोघं एकमेकांशी मनसोक्त भांडत होते. ती म्हणे, आबा, अंग सैल सोडा, लाकूड हाय का तुमी? आबा म्हणे, भवाने, तुझे हात किती गार! पण ताई, भांडता भांडता त्या आबांनी अंग सगळंच्या सगळं तिच्या हातावर टाकलं होतं. आई दारातच उभी राहून बघत होती. मला म्हणाली, "बिचकत न्हाई." मग टाचा बघितल्या, तेल चोळलेल्या होत्या. आजोबांची नखं बघितली, मग रेश्माचा हात हातात घेऊन तिची नखं बघितली. रेश्माने विचारलं, आजी, माझे दात पन बघता का? (तिला आमच्या घराण्याची माहिती कोणी दिली, देव जाणे.)

आता खरा प्रसंग. डॉक्टर राम आला, मला 'सर' म्हणून वाकला, आणि आईने त्याला विचारलं की कूस किती तासांनी बदलता? तो घुटमळला. नक्की आकडा कसा सांगणार, माणसं कमी आहेत, शिवाय रेश्मा आणि बाकीच्या आया ऐकत उभ्या. आईने त्याचा हात धरला आणि वरून आपला पदर टाकला. मला वाटलं, आशीर्वाद देतेय. मी हात जोडले. पण राम नेवासे तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. तो आधी चमकला, मग त्याचा चेहरा गंभीर झाला आणि पदराखाली हालचाल सुरू झाली. बाजारात चारचौघांत भाव खाली आणायला लाज वाटते, म्हणून सौदा कापडाखाली बोटांवर होतो, हे तुला ठाऊक आहे. आईने मला नंतर सांगितलं, त्याने चार बोटं धरली, चार तास. हिने त्यातली दोन मुडपली. त्याने तीन केली. हिने पुन्हा एक मुडपलं आणि दाबून धरलं. दोन तासांवर सौदा पटला. दोघांच्या तोंडून एक अक्षर नाही. तरी पदर लगेच निघाला नाही, आणखी काहीतरी चाललं होतं. रामने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि मान हलवली. मला वाटलं, गादीबिदीचं असेल. बाहेर आल्यावर मी माझा तक्ता मांजराजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. चिकाटीच्या रकान्यासकट.

नातेवाइकांवर माझा राग नाही. बनुमावशीला चहा मिळाला होता, सुनीलने जखम बघितली होती, पूजाने वेणी बघितली होती; खोटं कोणीच बोललं नाही. आई सगळ्यांचं ऐकून घेते, आणि मग जाऊन टाच बघते. मी तीस वर्षं प्रमाणशास्त्राच्या गोष्टी सांगतोय, आणि आमच्या घरातली एकमेव प्रमाणशास्त्री चौथी शिकली आहे. शिक्षकांच्या खोलीत मी ही हकिकत आतापर्यंत सहा वेळा सांगितली. सातव्या वेळेला भूगोलाचे सर उठून गेले.

तात्या सोमवारी तिथे दाखल होतील. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा आज्ञाधारक (फोनवर सोडून) भाऊ,
अजिनाथ

ता. क. – आता खरं काम. एवढं पाल्हाळ त्यासाठीच लावलं. काल रामचा फोन आला: सर, दुसरी खाट खिडकीकडे लावू की भिंतीकडे? पदराखालचा दुसरा सौदा तो होता. आईने स्वतःची खाटही ठरवली आहे. ताई, मुलगा नगरात असताना आई नर्सिंग होममध्ये, हे मला सहन होत नाही. माझं ती ऐकणार नाही. तू फोन कर, रड, हवं तर कर्त्यावरच रड, पण तिला माझ्याकडे राहायला लाव.

ता. क. दुसरा – फोन करू नकोस. पत्र पाकिटात घालण्याआधी मीच घोडेगावला जाऊन आलो. मी म्हणालो, आई, माझं घर काय वाईट आहे? ती म्हणाली, "घर चांगलं हाय रं. पन मागं मी ऱ्हायले हुते तवा बघितलं. दुपारी दोनला तिथं कुनी नसतं." मग म्हणाली, जोडी फोडून एकाला दुसऱ्याच्या दावणीला बांधला की तो चारा सोडतो, दलालाच्या नातवाला एवढंबी सांगावं लागतं व्हय? आणि माझ्या पायांकडे बघून तेलाची वाटी पुढे सरकवली. मी तिथेच बसून टाचांना तेल लावलं. तात्या हसले, डाव्या बाजूने.

ता. क. तिसरा – हा आईने लिहायला सांगितला आहे, शब्द तिचेच: "राजेश्वरीला म्हनावं, ये. पन पाच ते सातात येऊ नको. दोनला ये, न सांगता. आन् आल्या आल्या रडत बसू नको, आदी आमच्या टाचा बघ."