ठिणग्यांचे म्हणून खपवलेले डाग

बुधवार, सेक्टर ६, संध्याकाळ

आज खरं बोललो. छाती अजून फुगून आहे.

श्रुतीचे पिंपल्स फार वाढले म्हणून पोरीले चामडीच्या डॉक्टरबाईकडे नेलं. बाईनं विचारलं, घरात कोणाच्या चेहऱ्यावर पिंपल्सचे खड्डे आहेत का? श्रुती लगेच म्हणाली, "नाही. पप्पाच्या गालावरचे तर भट्टीच्या ठिणग्यांचे आहेत."

वीस वर्षं मीच हे सांगून राहिलो. स्टील प्लान्टमध्ये कोणाले शंकाही आली नाही, भट्टीवर ठिणग्या उडतातच. पण आज पोरीच्या गालाचा सवाल होता.

"नाही मॅडम, माझे पिंपल्सचेच आहेत," मी म्हणालो. "मोठमोठे होते. आपोआप जातील म्हणून घरच्यांनी इलाज केला नाही, अन् मी फोडत बसायचो."

बाई म्हणाल्या, मग वाट पाहायची नाही. सूज जितकी जास्त आणि जितके दिवस राहील, तितकी खड्ड्यांची भीती. गोळ्या आजपासूनच सुरू.

भट्टीसमोर इतकी वर्षं उभा राहिलो, पण आजच्याइतकी हिंमत कधी लागली नाही.

स्कूटरवर श्रुती मागे सरकून, माझ्यापासून लांब बसली. रागावली का? मग सिग्नलवर तिनं माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली. बस, मले सगळं भेटलं.

घरी बायकोले सांगितलं. वाटलं, विचारेल, कावून लपवलं? ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मले लग्नाच्या आधीच समजलं होतं. ठिणग्या काय दोन्ही गालांवर सारख्या पडतात?"