लांगामच्या बाजूनं सिनेटरसाहेब बोलले, त्याची हकीकत

पासाय, ऑगस्ट संपत आला

तीर्थरूप दाजी,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार (खरं म्हणजे खाटेवर पालथा पडून लिहितोय, पण मनानं वाकलेलोच आहे). पत्राला उशीर झाला हे मीच आधी कबूल करून टाकतो, म्हणजे तुम्हाला त्यावर दम खर्च करायला नको. रोज कागद काढत होतो. एकदा त्यावर कचेरीतल्या अटर्नीबाईंनी तळलेलं केळं ठेवलं, एकदा पंख्याच्या वाऱ्यानं तो शेजारच्या खोलीत गेला आणि तो आणायला गेलो तर तिथे पत्ते चालले होते. फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही मला मधेच तोडता. कागदाला निदान शेवटपर्यंत जावं लागतं. तुमचा गुडघा, लुमिंगताईचा खोकला आणि फिएस्टासाठी पोसलेलं डुक्कर, तिघांचीही प्रकृती उत्तम असेल असं धरून चालतो. (डुकराचा कान माझा. सांगून ठेवतो.)

आता मुख्य गोष्ट. दाजी, सान्ता पोलोनियाचं खाजण वाचलं! निदान आजच्या घडीला तरी वाचलेलं आहे, आणि ते कोणी वाचवलं हे मी स्वतःच्या तोंडानं सांगणं बरं दिसणार नाही, म्हणून हातानं लिहितो.

तुम्हाला वाटत असेल, पोलोनियाच्या गावकप्तानाचा हा भटका मेहुणा, कोंबड्यांच्या ट्रकवर लुसेनाहून निघालेला, सिनेटरच्या कचेरीत शिरला कसा? तर झालं असं की सिनेटच्या उपाहारगृहात मी एका ओळखीच्या पोऱ्याची वाट बघत बसलो होतो. समोर सिनेटर लिवानागसाहेब आले. साहेबांना भाषण आधी कुणावर तरी करून पाहायची सवय आहे, आणि तिथल्या सगळ्यांना ती माहीत असल्यामुळे साहेब दिसले की टेबलं रिकामी होतात. मी उठलो नाही, कारण कुणीतरी टाकून गेलेलं आंबट सूप मी नुकतंच जवळ ओढलं होतं. साहेब कांद्याच्या आयातीवर बोलायला लागले. मी ऐकलं, शेवटपर्यंत ऐकलं, आणि शेवटी रडलोही (सूपमधली मिरची डोळ्यात गेली होती). साहेब म्हणाले, "पोरा, देशाला तुझ्यासारख्या कानांची गरज आहे." दुसऱ्या दिवसापासून मी भाषण विभागात.

साहेबांचा मोठेपणा असा की त्यांच्या लेखी देशाचा प्रश्न आणि गल्लीचा प्रश्न वेगळा नाहीच. परदेशी कर्जाच्या चर्चेला उभे राहिले तरी त्यांच्या गावच्या चर्चमागचं गटार कुठेतरी तुंबणारच. नौदलाच्या बोटींवर बोलताना शेजाऱ्याच्या कोंबड्यापर्यंत पोचले होते, आणि कसं पोचले हे अजून सभागृहात कुणाला कळलेलं नाही, पण टाळ्या पडल्या. बाकीचे सिनेटर एका विषयावर एकदा बोलतात. आमचे साहेब एकाच भाषणात सगळ्या विषयांवर बोलतात, म्हणून कामकाजाच्या नोंदी उघडल्या की त्यांचंच नाव जास्त.

अशा माणसाच्या पदरी मी असताना तुमचा फोन आला. मी भाड्याच्या जीपनीत पुढे बसलो होतो, ड्रायव्हरनं गाणं लावलेलं, मागून लोक भाड्याची नाणी माझ्या हातावर ठेवत होते, आणि तुम्ही ओरडत होतात. खाजणात भराव टाकून कंपनी धक्का बांधणार, माल उतरवायचा आणि वर हॉटेल. परवाना जवळजवळ हातात. एकदा दगड पडले की तिवरं गेली, तिसऱ्या-शिंपल्या गेल्या, ताईसकट साऱ्या बायकांचं टोपलं गेलं. हे मला नीट ऐकू आलं. मग तुम्ही म्हणालात, "सिनेटरला लांगामचं सांग! कायदा लांगामला राखतो. हजारोंनी येतात, पार उत्तरेकडून, समुद्र ओलांडून, खाजणात उतरतात. दुपारी एका पायावर उभे राहून झोपतात. भराव पडला तर बिचारे जातील कुठे?" एवढ्यात मी उतरायचं ठिकाण चुकलो आणि फोनही गेला.

आता दाजी, आमच्या तागालोगमध्ये लांगाम म्हणजे मुंगी. लहानपणापासून मुंगीच. साखरेच्या डब्यातली, विजारीतली, तीच. मी म्हटलं, वा! आपल्या ताईच्या सासरी एवढ्या कर्तबगार मुंग्या आहेत आणि ती कधी बोलली नाही!

लगेच भाषण लिहायला बसलो. अटर्नी सोकोरो म्हणजे साहेबांच्या कचेरीच्या मुख्य बाई. कायदा शिकलेल्या असल्यामुळे त्यांना सगळ्याच गोष्टींत खोट दिसते. मसुदा वाचून चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सान्तोय, सहा पायांचा जीव एका पायावर कशाला उभा राहील रे?"

मी म्हटलं, "बाकीचे पाच वाचवायला, अटर्नी. पुढे मोठा प्रवास असतो."

"आणि समुद्र कशावरून ओलांडतात?"

"इच्छाशक्तीवर."

त्यांनी लाल पेन काढलं. मग 'सहा पायांचे हे' एवढे शब्द खोडले, कारण पाय मोजले की विरोधी बाजूला हरकत घ्यायला जागा मिळते म्हणे. (हे खोडणं लक्षात असू द्या. पुढे त्यानंच आपली लाज राखली.)

भाषणाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं, म्हणजे नेहमीपेक्षा. ऑगस्ट हा राष्ट्रभाषेचा महिना, म्हणून साहेबांनी पण केला होता की एकही इंग्रजी शब्द तोंडातून काढायचा नाही. ते उभे राहिले, पांढऱ्या बारोंग सदऱ्याच्या बाह्या नीट केल्या आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, मी आज त्यांच्या वतीनं बोलणार आहे ज्यांना मत नाही." पहिली टाळी तिथेच. मग म्हणाले, "हा एवढासा लांगाम सैबेरियापासून सान्ता पोलोनियाला येतो, न चुकता येतो, आणि आपला शेतकी खात्याचा माणूस पलीकडच्या वाडीत जायला गाडी मागतो!" दाजी, वरच्या गॅलरीतली शाळेची पोरं उभी राहिली. तिथून साहेब गटाराकडे वळलेच, पण परतही आले, आणि परत येणं ही त्यांच्या बाबतीत फार मोठी गोष्ट आहे.

मग प्रश्न विचारायला सिनेटर आबेयानबाई उठल्या. या तुमच्याच भागातल्या, बिसाया बोलणाऱ्या. आमच्या साहेबांशी त्यांचं कधीच पटत नाही. गेल्या महिन्यात जीपनीच्या भाड्यावरून त्यांनी साहेबांना इतकं पिळलं होतं की साहेब दोन दिवस फक्त पेज पीत होते. अटर्नीबाईंनी माझा दंड घट्ट धरला. पण आबेयानबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "माननीय सदस्यांना हे जीव अंडी कुठे घालतात हे माहीत आहे का?"

"जमिनीवर, माननीय बाई, आपल्या पायाखाली!" साहेब म्हणाले.

"अगदी खरं," बाई म्हणाल्या, "लोक बघून चालत नाहीत. आणि खातात काय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओठांनी 'काहीही' म्हटलं. साहेब म्हणाले, "जे मिळेल ते, कुरकुर न करता. या सभागृहातल्या काही जणांसारखे नाहीत ते."

सभागृह हसलं, आबेयानबाईही हसल्या, आणि म्हणाल्या, "लहानपणी आजोबांबरोबर मी पहाटे त्यांचं गाणं ऐकायला जात असे." साहेबांनी हातातला कागद उलटून पाहिला. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "सर्वांनाच ते ऐकू येत नाही, बाई. त्याला मन लागतं." दाजी, आबेयानबाईंनी डोळे पुसले. या दोघांना एका बाजूला पाहून बाकीचे घाबरले आणि ठराव एकमतानं झाला: समितीनं पाहणी करावी आणि तोवर भराव थांबवावा. परवान्याच्या खात्यानंही मान डोलावली. कंपनीचा वकील गॅलरीत बसला होता, त्याच्या तोंडाचा रंग मी स्वतः पाहिला.

त्या संध्याकाळी मी राजासारखा बाहेर पडलो. फाटकाशी उकडलेली अंडी विकणारी नेनिता आहे, ती तुमच्याकडची. मला फुकट अंडं दिलं (ती कधीच देत नाही) आणि म्हणाली, "काय बाई बोलले रे तुझे साहेब! मनिलाच्या माणसाला आमच्या पाखरांची एवढी माया, मला तर रडूच आलं."

मी म्हटलं, "कुठली पाखरं?"

"अरे लांगाम! आमच्या बिसायात पाखरंच ना. मग तू काय समजलास?"

अंडं माझ्या घशात अडकलं. तिनं पाठीत गुद्दे घातले, आणि गुद्द्यागणिक एकेक गोष्ट माझ्या डोक्यात उतरत गेली. उत्तरेकडून येणं उतरलं, समुद्र उतरला, एक पायही उतरला. गाणं सगळ्यात शेवटी.

पण दाजी, मी खचलेलो नाही. उलट विचार केला तर ही माझीच करामत आहे. नुसत्या पाखरांसाठी निम्मं सभागृह हललं नसतं आणि नुसत्या मुंग्यांसाठी उरलेलं निम्मं. एकाच शब्दानं दोन्हीकडचे रडले, असं भाषण आजवर कुणी लिहिलंय का? तुमचं तुम्हीच सांगा.

अडचण आहे ती बारीकशीच. अटर्नीबाई तागालोग, त्यामुळे त्यांनी कागदांवर 'कीटक' लिहून समितीला पाठवलं, आणि समितीनं विद्यापीठातून मुंग्यांचा तज्ज्ञ मागवला. तो पुढच्या आठवड्यात खाजण बघायला येणार. पाखरं तर थंडी पडल्याशिवाय उतरत नाहीत, असं नेनिता म्हणते. म्हणजे तो येईल तेव्हा ना पाखरू ना मुंगी, नुसता चिखल. तो परत येऊन 'काही नाही' म्हणाला की कंपनीचा वकील सगळ्या ठरावाचं हसं करणार आणि दुसऱ्या दिवशी ट्रक लागणार. खरं सांगावं तर साहेबांनी टीव्हीवर जाऊन स्वतःला 'लांगामचा बाप' म्हणवून घेतलंय, निवडणुकीच्या सदऱ्यांवर मुंगी छापायला टाकलीय. त्यांना कळलं तर रागाच्या भरात ते स्वतःच ठराव मागे घेतील. तेव्हा अजून कुणाला काही बोललेलो नाही. निश्चिंत असा. मी आहे.

ताईला नमस्कार, पोरांना पापा.

तुमचा,
क्रिसान्तो (सान्तोय)

ता. क. : खाजणाच्या कडेला, तिवरांच्या मुळाशी, मुंग्या असतीलच की. नसल्या तर मागवा. आजूबाजूच्या वाड्यांतून आणा, गुळाचं पाणी शिंपडा, गावातल्या सगळ्यांना कामाला लावा. जरा मोठ्या आणि परदेशी दिसणाऱ्या असाव्यात. एका पायावर उभ्या राहिल्या नाहीत तरी चालेल, दमल्यात म्हणून सांगता येईल.

ता. क. दुसरा : ताईला यातलं काही सांगू नका. ती मला ओळखते.

ता. क. तिसरा : वर 'खाजण वाचलं' असं लिहिलंय ते गावात जाहीर वाचून दाखवू नका. वाचून दाखवलंच असेल तर 'बहुधा' हा शब्द घालून परत वाचा.

ता. क. चौथा : पाकीट बंद करणार तोच घरमालकीण ओरडली की तुला भेटायला कुणीतरी आलंय. मला वाटलं कंपनीचा वकील, म्हणून खिडकीतून एक पाय बाहेरही टाकला होता. पण दारात एक म्हातारी बाई उभ्या आहेत, गुडघाभर चिखलाचे बूट, डोक्यावर गवताची टोपी. मुंग्यांचा तज्ज्ञ म्हणजे या! मी आपला पुरुष धरून चाललो होतो. भाषण रेडिओवर ऐकलं, म्हणून तुमच्या बेटावर जाण्याआधी ते लिहिणाऱ्याला बघायला आल्या. खाटेवर बसल्या आणि दाजी, तुमच्या अस्सल बिसायात बोलायला लागल्या. जन्म तुमच्या पलीकडच्या बेटावरचा. मी लिहितोय तरी त्या हटत नाहीत. पिशवीतून त्यांनी मुंग्या धरायची एक काचेची बरणी काढली, मग एक दुर्बीण काढली, दोन्ही माझ्या उशीवर ठेवल्या, आणि अजिबात न हसता विचारतायत, "बाळा, अहवाल मला लिहायचाय. खाजण राहायला हवं ना? मग आता खरं सांग, यातलं काय बरोबर घेऊ?"